लहान वाघिणीचा खालचा सांगाडा

आगगाडीच्या लहान प्रतिकृती करण्याचा छंद आपल्याकडे अजून थोड्यांनाच आहे. परंतु ज्या इंग्लंडांत आगगाडीचा जन्म झाला, तेथें हा छंद लहानथोर सर्वांस प्रिय आहे. तेथें मालगाडीच्या वाघिणींचे सुटे भाग लहानशा पेटींत भरून विकतात. ते कानशीनें साफ करावे, एकमेकांस चिकटवावे, रंगवावे, आणि बोटभर लांबीची वाघीण रुळांवर उभी करावी, असा हा खेळ आहे. खेळ म्हटला तरी त्यांत हस्तकौशल्य, गणित, इतिहास व चिकाटी या चारही गोष्टींची कसोटी लागते.

असा संच जुळविणाऱ्याचें लक्ष बहुधा वाघिणीच्या वरच्या पेटीकडे असतें. तिचा रंग, तिच्यावरील खाणमालकाचें नांव, फळ्यांच्या रेघा, हें सारें तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. खालच्या सांगाड्याकडे मात्र तो क्वचितच वळतो. चाकें फिरलीं म्हणजे झालें, अशी त्याची समजूत असते. पण नेमका हाच भाग आधीं मोडतो. जुन्या संचांतून हाच भाग हरवलेला असतो. आणि पुष्कळदां तो मुळांतच चुकीचा घडविलेला असतो. मग त्याच्या जागीं दुसरा, बरोबर मापाचा भाग कोठून आणावा, हा प्रश्न उभा राहतो. त्याच प्रश्नाचा या लेखांत विचार करावयाचा आहे. उत्तर थोडक्यांत असें, कीं बदली भाग दुकानांत शोधण्यापूर्वीं तो खऱ्या वाघिणीखालीं शोधला पाहिजे. तो तेथें कां होता हें कळल्यावांचून दुकानांतील दहा भागांतून आपला भाग ओळखतां येत नाहीं.

प्रथम खरी वाघीण पाहूं. उदाहरणासाठीं इंग्लंडांतील कोळसा वाहणारी चार चाकांची वाघीण घेऊं. तिची वरची उघडी पेटी माल धरते. खालचा सांगाडा भार पेलतो, ओढ व धक्के सोसतो, आणि वाघीण थांबवितो. सांगाड्याच्या दोन्ही बाजूंस दोन लांब तुळया असतात व दोन्ही टोकांस दोन आडव्या तुळया. टोकाच्या तुळईवर दोन बफर बसविलेले असतात. मधोमध ओढण्याचा आंकडा व तीन कड्यांची सांखळी असते. बाजूच्या तुळयांच्या आंतल्या अंगास जाड लोखंडी पत्र्याचे चार आधार खालीं उतरलेले असतात. त्यांचा आकार इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा दिसतो, म्हणून त्यांस डब्ल्यू-आयर्न हें नांव पडलें. त्यांच्या मधल्या खांचेंत अ‍ॅक्सलबॉक्स, म्हणजे आंसाच्या टोकावरील वंगणाची पेटी, वरखालीं सरकते. तिच्या डोक्यावर पोलादी पट्ट्यांची कमान असते व त्या कमानीवर साऱ्या वाघिणीचा भार असतो. चाकांना आवळणारे ब्रेकचे ठोकळे, त्यांना जोडणाऱ्या दांड्या आणि बाजूस लांब पसरलेली हाताची दांडी मिळून हा सांगाडा पुरा होतो.

या प्रत्येक भागावर काळाचा शिक्का असतो. जुन्या वाघिणींच्या बाजूच्या तुळया लांकडी असत. त्यांचा पृष्ठभाग सपाट असे व त्यावर लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्ट दिसत. पुढें पोलादी तुळया आल्या. त्यांचा छेद पन्हळीसारखा असून त्यांवर रिव्हेटांचीं डोकीं ओळीनें दिसतात. अ‍ॅक्सलबॉक्सही दोन तऱ्हेचे. पहिल्या तऱ्हेंत चरबीसारखें घट्ट वंगण वरून भरीत, आणि आंस तापला म्हणजे तें वितळून खालीं उतरे. दुसऱ्या तऱ्हेंत पेटीच्या तळाशीं पातळ तेल असे व एका गादीच्या द्वारें तें खालून आंसास लागे. बाहेरून या दोन पेट्यांचे चेहरे अगदीं निराळे आहेत. तेव्हां लांकडी तुळईच्या जुन्या वाघिणीखालीं नव्या काळचा तेलाचा अ‍ॅक्सलबॉक्स पाहतांच जाणता मनुष्य विचारील, कीं ही वाघीण मागाहून दुरुस्त झाली काय? उत्तर ‘होय’ असेल तर हरकत नाहीं. पण तें उत्तर करणाऱ्यापाशीं असलें पाहिजे.

आतां एक मौजेची गोष्ट अशी, कीं योग्य बदली भाग कोठें मिळेल हा प्रश्न आधीं खऱ्या रेल्वेलाच पडला होता. इंग्लंडांत त्या काळीं अनेक कंपन्यांच्या रेल्वे होत्या आणि खाणमालक व कोळशाचे व्यापारी यांच्या स्वतःच्या वाघिणी या सर्वांच्या रुळांवरून फिरत. एका कंपनीची वाघीण दुसरीच्या हद्दींत गेली कीं भाड्याची वांटणी करावी लागे. तो हिशेब ठेवण्यासाठीं १८४२ मध्यें रेल्वे क्लिअरिंग हाउस ही संस्था निघाली. परंतु घरापासून शंभर मैलांवर वाघिणीचा एखादा भाग मोडला तर तो कोणी कसा बदलावयाचा? ज्याची त्याची रचना निराळी असली तर दुरुस्ती होणार कशी? यास्तव खाजगी मालकांच्या वाघिणींची रचना व मापें ठरविणारे नियम या संस्थेनें प्रसिद्ध केले. त्यांतील १८८७, १९०७ आणि १९२३ हे नियम विशेष प्रसिद्ध आहेत. छंदी मनुष्याला या तीन सालांचा मोठा उपयोग होतो. आपली वाघीण यांपैकीं कोणत्या नियमांची, एवढें ठरलें म्हणजे अ‍ॅक्सलबॉक्स, बफर व ब्रेक यांविषयीं निम्मा शोध संपतो.

सांगाड्यांतील ज्या भागाची सर्वांत अधिक हेळसांड होते, तो म्हणजे ब्रेक. आणि नेमका हाच भाग माणसांच्या जिवाशीं निगडित आहे. जुन्या मालवाघिणीचा ब्रेक यार्डांतील नोकरानें हातानें लावावयाचा असे. बाजूची लांब दांडी तो खालीं दाबी व खिळीनें अडकवून ठेवी. पुष्कळ जुन्या वाघिणींना ही दांडी एकाच बाजूस होती. चालती वाघीण थांबवावयाची आहे, पण नोकर उभा आहे दुसऱ्या बाजूस. अशा वेळीं त्यानें काय करावें? तो वाघिणींच्या मधून, बफरांखालून, सांखळ्या चुकवीत पलीकडे जाई. पाऊस, धुकें, रात्र, कांहीं पाहावयाचें नाहीं. अशानें कित्येकांचे हातपाय गेले व कित्येक प्राणांस मुकले. अखेरीस रेल्वेच्या नोकरांस होणारे अपघात टाळण्यासाठीं ब्रिटिश पार्लमेंटनें १९०० सालीं कायदा केला आणि त्यास अनुसरून १९११ मध्यें असे नियम झाले, कीं वाघिणीचा ब्रेक दोन्ही बाजूंनीं लावतां आला पाहिजे. आधींपासून धांवत असलेल्या वाघिणींची संख्या अफाट असल्यामुळें त्यांना बदलासाठीं पुष्कळ वर्षांची मुदत मिळाली.

या नियमांतून यंत्रशास्त्राचा एक गोड प्रश्न निघाला. दोन्ही बाजूंस दांडी हवी, आणि वाघिणीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या नोकरास ती उजव्या हाताला सांपडावी. दोन्ही दांड्या एकाच आडव्या आंसावर बसविल्या तर काय होईल? विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग करून पाहावा. दोघां मित्रांनीं समोरासमोर उभें राहून एक पेन्सिल दोन टोकांस धरावी, आणि प्रत्येकानें आपल्या बाजूनें ती घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरवावी. पेन्सिल जागची हलणार नाहीं. कारण एकाचें उजवें तें दुसऱ्याचें डावें. तसेंच येथें. एका बाजूची दांडी दाबली कीं ब्रेक लागेल, पण दुसरी दाबली कीं तोच ब्रेक सुटेल! यावर तोड म्हणून एका बाजूच्या दांडीपाशीं दिशा उलटविणारा एक लहानसा दांतेरी तुकडा बसवूं लागले. यास मॉर्टनचा क्लच म्हणतात. प्रतिकृतींत हा तुकडा मोहरीएवढा असतो. पण तो नसला तर त्या वाघिणीचा ब्रेक कागदावरसुद्धां चालणार नाहीं.

तरी हा आडवा आंस सर्वत्र योग्य नव्हे. कांहीं वाघिणींच्या तळाला दारें असत. तीं उघडलीं कीं कोळसा खालीं पडे. अशा वाघिणीखालून आडवा आंस नेला तर तो दारांच्या आड येईल. म्हणून तेथें प्रत्येक बाजूस स्वतंत्र ब्रेक असे, त्याची दांडी स्वतंत्र व ठोकळेही स्वतंत्र. आतां पाहा, एखाद्यानें आपल्या संचांतील मोडका ब्रेक टाकून शेजारच्या संचांतला आडव्या आंसाचा ब्रेक तळदाराच्या वाघिणीला चिकटविला, तर त्यानें त्या वाघिणीचीं दारें कायमचीं बंद केलीं. वरून रंग कितीही सुरेख असो, खालची रचना खोटी झाली.

खऱ्या वाघिणीची ओळख एवढी पुरे. आतां संचांतील सांगाडा चुकतो कोठें, तें पाहूं. इंग्लंडांतील बहुसंख्य प्रतिकृती एका फुटास चार मिलिमीटर या प्रमाणानें होतात. म्हणजे खऱ्या वस्तूच्या सुमारें ७६ वा भाग. १९२३ च्या नियमांतील वाघीण बफर वगळून १६ फूट ६ इंच लांब व तिच्या दोन आंसांतील अंतर ९ फूट. चारानें गुणलें म्हणजे ६६ आणि ३६ मिलिमीटर. याउलट माल भरण्याच्या पुष्कळ नव्या वाघिणी १७ फूट ६ इंच लांब, आणि त्यांच्या आंसांतील अंतर १० फूट. म्हणजे ७० आणि ४० मिलिमीटर. सांगाड्याचा सांचा तयार करण्यास खर्च फार येतो. म्हणून काटकसरीसाठीं कित्येक कारखान्यांनीं एकच १० फुटी सांगाडा अनेक वाघिणींखालीं बसविला. ९ फुटी वाघिणीखालीं तो बसविला कीं चाकें टोकांकडे सरकतात. फरक दिसण्यांत चार मिलिमीटरांचा. पण खऱ्या मापांत तो एक फूट आहे.

दुसरी चूक जाडीची. खरा डब्ल्यू-आयर्न सुमारें पाऊण इंच जाडीच्या पत्र्याचा असतो. प्रतिकृतींत तो पाव मिलिमीटरचा हवा. प्लॅस्टिकच्या सांच्यांत इतका पातळ भाग नीट उतरत नाहीं व टिकतही नाहीं, म्हणून तो बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास असतो. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या मापानें तीन इंच! इतक्या जाड पत्र्याची वाघीण कोणत्याही यार्डांत कोणी पाहिली नसेल.

तिसरी चूक रुळांची, आणि ती समजून घेणें सर्वांत अगत्याचें आहे. इंग्लंडांतील रुळांमधील खरें अंतर ४ फूट साडेआठ इंच. चार मिलिमीटरच्या प्रमाणांत तें १८.८३ मिलिमीटर व्हावें. परंतु दुकानांतील साधे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. हें माप मुळांत एका फुटास साडेतीन मिलिमीटर या प्रमाणाचें. इंग्रजी इंजिनें आकारानें लहान असल्यामुळें त्यांत यंत्र मावेना. तेव्हां कारखानदारांनीं गाड्यांचें प्रमाण वाढविलें आणि रूळ मात्र जुनेच ठेवले. परिणाम असा, कीं प्रतिकृतीचीं चाकें खऱ्याहून आंत सरकलीं. ज्यांना हें खपत नाहीं, ते १८.२ किंवा १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालतात. पण मग साध्या संचांतील ब्रेकचे ठोकळे चाकांच्या रेषेंत राहत नाहींत, १८.८३ च्या रुळांवर प्रत्येक ठोकळा सुमारें १.१७ मिलिमीटर बाहेर घ्यावा लागतो. यास्तव बदली भाग मागवितांना आपले रूळ कोणत्या मापाचे, हें आधीं सांगितलें पाहिजे. एकास बरोबर असलेला भाग दुसऱ्यास चुकीचा ठरतो, तो यामुळेंच.

आतां शोधाची रीत. एक उदाहरण घेऊं. ब्रिटिश सरकारनें १ जानेवारी १९४८ रोजीं रेल्वे आपल्या ताब्यांत घेतल्या. त्यानंतर तेथें १६ टन कोळसा वाहणाऱ्या पोलादी वाघिणी दोन लाखांहून अधिक बांधल्या गेल्या. १९६० च्या दशकांत एअरफिक्स कंपनीनें या जातीच्या वाघिणीचा प्लॅस्टिकचा संच काढला, व पुढें तो डॅपोल या नांवानें विकला गेला. समजा, आपणांस असा जुना संच मिळाला, पण त्यांतील सांगाड्याचे अर्धे भाग नाहींत. आतां ‘१६ टनी वाघिणीचे भाग द्या’ एवढें म्हणून भागेल काय? भागणार नाहीं, कारण इतक्या लाखांत निरनिराळ्या तुकड्यांच्या ब्रेकची रचना निरनिराळी होती.

म्हणून पहिली पायरी, वाघिणीचा नंबर ठरविणें. ब्रिटिश रेल्वेनें स्वतः बांधलेल्या वाघिणींच्या नंबरापूर्वीं बी हें अक्षर असे. खाजगी मालकांकडून आलेल्यांवर पी असे. आणि जुन्या चार मोठ्या कंपन्यांकडून आलेल्यांवर त्या त्या कंपनीचें सूचक अक्षर असे. नंबरावरून ती कोणत्या तुकडींतील, कोणत्या सालीं व कोठें बांधली हें कळूं शकतें. जो मनुष्य सामान्य वाघीण करूं पाहतो त्याला सामान्य भाग पुरतो. जो एका नंबराची वाघीण करतो त्यालाच नेमका भाग शोधतां येतो.

दुसरी पायरी, त्या वाघिणीचें छायाचित्र व आराखडा मिळविणें. केवळ आराखडा पुरत नाहीं, कारण त्यांत कारखान्यांतून निघालेली वाघीण असते. वीस वर्षें कोळसा वाहून दुरुस्त झालेली नसते. केवळ छायाचित्रही पुरत नाहीं, कारण त्यांत मापें नसतात आणि सांगाडा बहुधा सावलींत असतो. दोन्ही शेजारीं ठेवून पाहावीं. या कामीं इंग्लंडांतील हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी ही १९५० सालीं निघालेली संस्था फार उपयोगी पडते. जुने आराखडे व छायाचित्रें जतन करणें हें तिचें कार्यच आहे. यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७५ सालीं उघडलें. तेथेंही खऱ्या वाघिणी व कारखान्यांचे आराखडे आहेत. छायाचित्र पाहतांना एक खबरदारी घ्यावी. एका बाजूवरून दुसरीचा तर्क करूं नये. कांहीं वाघिणींना ब्रेकचे ठोकळे एकाच बाजूस असत. दुसऱ्या बाजूस नुसती दांडी.

तिसरी पायरी, मापांची यादी करणें. आंसांतील अंतर, तुळईची लांबी व उंची, चाकाचा व्यास, रुळापासून बफराच्या मध्याची उंची, अ‍ॅक्सलबॉक्सची जात, ब्रेकच्या ठोकळ्यांची संख्या, दांडीची लांबी व दिशा, हें सारें एका कागदावर उतरावें. त्या काळच्या वाघिणींचें चाक बहुधा ३ फूट दीड इंच व्यासाचें असे. प्रतिकृतींत तें साडेबारा मिलिमीटर होतें. हा कागद हातांत असला म्हणजे जाहिरातींतील गोड शब्दांची भूल पडत नाहीं.

चौथी पायरी, बाजार. बाजारांत हे भाग चार तऱ्हेचे मिळतात, आणि प्रत्येकाचे गुण निराळे आहेत. पहिले प्लॅस्टिकचे. कित्येक कारखानदार संपूर्ण संचाशिवाय नुसता सांगाडाही विकतात. डेव्हन परगण्यांतील बिअर या गांवची पेको कंपनी १९४६ मध्यें निघाली; तिच्याकडे आतां पार्कसाइड व रेशियो या नांवांचे वाघिणींचे संच आहेत व त्यांत सांगाडेही आहेत. हे भाग स्वस्त, सोपे व नवशिक्यास योग्य. दुसरे ओतीव भाग, पांढऱ्या मऊ धातूचे किंवा पितळेचे. अ‍ॅक्सलबॉक्स, कमानी व बफर यांचे उठाव यांत सुरेख येतात. शिवाय धातूचें वजन खालीं राहिल्यानें वाघीण रुळांवर स्थिर चालते. तिसरे रासायनिक द्रावानें कोरलेले पितळी किंवा नायसिल्व्हरचे पत्रे. ते कात्रीनें सोडवून, घडी घालून, डाक देऊन जुळवावे लागतात. डब्ल्यू-आयर्नची खरी पातळी यांतच साधते. त्यांतील कांहींत एक आंस डुलता ठेवण्याची सोय असते. चार पायांचें टेबल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतें, पण तिवई डुगडुगत नाहीं. तोच न्याय येथें लावलेला आहे. चौथे भाग त्रिमिति छपाईचे. यांत यंत्र राळेचे अति पातळ थर एकावर एक रचून भाग तयार करतें. ज्या वाघिणीसाठीं कोणी सांचा कधींच केला नसता, तिचेही भाग अशा रीतीनें मिळूं लागले आहेत.

छंदी लोकांच्या संघांकडूनही पुष्कळ भाग मिळतात. १८.२ आणि १८.८३ मिलिमीटरच्या रुळांवर काम करणाऱ्यांचे संघ निराळे आहेत. एका फुटास दोन मिलिमीटर या प्रमाणानें काम करणाऱ्यांचा संघ १९६० सालीं निघाला आणि तो आपल्या सभासदांना चाकें व सांगाडे स्वतःच पुरवितो. जो भाग बाजारांत खपणार नाहीं, तो दहावीस गरजवंत एकत्र येऊन करवून घेतात.

पांचवी पायरी, आलेला भाग तपासणें. पाकिटावरील नांवावर विश्वास ठेवून डिंक काढूं नये. आधीं व्हर्नियर कॅलिपर लावावा. आंसांतील अंतर ३६ आहे कीं ३५, तुळई ६६ आहे कीं ६७, हें पाहावें. तेथें चाकांचे आंस टोकांस सुईसारखे निमुळते असून बहुधा २६ मिलिमीटर लांब असतात. ते पितळेच्या लहान वाट्यांत फिरतात. दोन डब्ल्यू-आयर्नांमधील अंतर कमी पडलें तर चाकें अडतील. अधिक झालें तर वाघीण लंगडेल. सर्व भाग न चिकटवितां एकदां जागच्या जागीं उभे करावे, वाघीण कांचेच्या तुकड्यावर ठेवावी, चारही चाकें टेकतात कीं नाहीं पाहावें, मगच चिकटवावें.

आणि शोधूनही भाग मिळाला नाहीं तर? तर तो करावा. प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांतून ब्रेकची दांडी कापतां येते. तारेपासून ओढदांड्या होतात. लांकडी तुळई प्लॅस्टिकच्या पट्टीची करून तिच्यावर बोल्टांचीं डोकीं एकेक करून बसवितां येतात. त्रिमिति छपाईसाठीं संगणकावर आराखडा काढतां येतो. मात्र एक पथ्य पाळावें. दुसऱ्याच्या प्रतिकृतीवरून माप घेऊं नये. कारण त्यानें केलेली चूक आपल्याकडे येते, आपल्याकडून तिसऱ्याकडे जाते. आणि तीन ठिकाणीं तेंच दिसल्यावर चौथा मनुष्य तें सत्य मानून चालतो. यंत्र कितीही सूक्ष्म असलें तरी तें आराखड्यांतील चूक सुधारीत नाहीं. तीच चूक अधिक सफाईनें छापून देतें.

ही सारी हकीकत इंग्लंडची झाली. आपल्या मुलांस यांत काय घेण्यासारखें आहे? रीत सारी घेण्यासारखी आहे, मापें मात्र आपलीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, ती साडेपांच फुटी रुळांवरून. चार मिलिमीटरच्या प्रमाणानें हें अंतर बरोबर २२ मिलिमीटर होतें. १९०७ सालीं सुरू झालेल्या नेरळ-माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटी. त्यांचे आठ मिलिमीटर होतात. दुकानांत मिळणारे १६.५ किंवा ९ मिलिमीटरचे रूळ या दोहोंसही तंतोतंत लागू नाहींत, आणि इंग्रजी सांगाडा जसाच्या तसा आपल्या वाघिणीखालीं बसणार नाहीं. तेव्हां येथील विद्यार्थ्यास मोजमापानेंच प्रारंभ करावा लागेल. नागपुरास मोतीबाग येथें २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचें संग्रहालय आहे. दिल्लीस १९७७ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. तेथें परवानगीनें, वडील माणसांबरोबर, फूटपट्टी व वही घेऊन जावें आणि उकिडवें बसून गाडीच्या खालच्या अंगाचें चित्र काढावें. चालू यार्डांत मात्र पाऊल टाकूं नये. तें बेकायदा तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारें आहे. लहान गाड्या चालतांना पाहण्याची ज्यांस हौस आहे, त्यांनीं पुण्यांतील जोशी यांचें लहान रेल्वेंचें संग्रहालय पाहावें.

पालकांपैकीं कोणी म्हणतील, कीं जो भाग टेबलावर ठेवल्यावर कोणाला दिसत नाहीं, त्यासाठीं इतकी यातायात कशाला? त्यांस एवढेंच सांगावयाचें आहे. १९३९ सालीं महायुद्ध सुरू झालें तेव्हां ब्रिटिश सरकारनें खाजगी मालकांच्या पांच लाखांहून अधिक वाघिणी ताब्यांत घेतल्या. युद्धानंतरच्या वर्षांत त्यांतील लांकडी वाघिणी मोडींत निघाल्या. लांकूड जळालें, लोखंड भट्टींत गेलें. संग्रहालयांत आज राहिल्या आहेत त्या मोजक्या. उरलेल्यांची आठवण छायाचित्रांत, आराखड्यांत आणि अशा बोटभर प्रतिकृतींत आहे. ज्या प्रतिकृतीला दोन्ही बाजूंस ब्रेकची दांडी योग्य हाताला आहे, ती प्रतिकृति सांगते कीं त्या वाघिणीचा ब्रेक लावण्यासाठीं यार्डांतील नोकराला बफरांखालून पलीकडे जावें लागलें नाहीं. ज्या प्रतिकृतीला मिळेल तो सांगाडा चिकटविला आहे, ती याविषयीं मुकी राहते, किंवा खोटें बोलते.

मुलगा एखाद्या लहानशा दांडीसाठीं पंधरा दिवस वाट पाहत असेल, पत्रें लिहीत असेल, आलेला भाग मोजून परत पाठवीत असेल, तर त्यास हंसूं नये. तो मापाशीं प्रामाणिक राहण्यास शिकत आहे. पुढें तो पूल बांधो, औषधें तोलो किंवा हिशेब लिहो, ही संवय त्याच्या उपयोगीं पडेल.